उंदीर, वाळवी आणि चीवर

शिवणाचे सामान कोठे व कसे ठेवावे, या प्रश्नाला वाङ्मयाच्या इतिहासात काही स्थान असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. सुया, कात्री, अंगुस्तान, उरलेले तुकडे, अर्धे शिवून बाजूला ठेवलेले वस्त्र, हा सारा घरातल्या एका कोपऱ्याचा मामला. तो ज्याचा त्याने, अधिक खरे सांगायचे तर जिचा तिने, आपापल्या परीने निभावायचा. परंतु पाली वाङ्मयात या कोपऱ्याचे इतके बारीक वर्णन आले आहे की, ते वाचताना आपण धर्मग्रंथ वाचीत आहोत याचा क्षणभर विसर पडावा. विनयपिटकातील 'महावग्गा'चा आठवा खंधक, म्हणजे चीवरखंधक, आणि 'चुल्लवग्गा'चा पाचवा खंधक या दोन प्रकरणांत मिळून उकिरड्यावरची चिंधी उचलण्यापासून शिवणशाळेच्या भिंतीतल्या खुंटीपर्यंत सर्व काही आले आहे.

मराठी अभ्यासकाला विनय अपरिचित नाही. धर्मानंद कोसंबी यांनी 'बौद्धसंघाचा परिचय' लिहून तो मराठीत आणला. दुर्गा भागवतांनी थेरवादी विनयातील न्यायव्यवस्थेवर इंग्रजीत लिहिलेला ग्रंथ १९३९ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. मात्र विनयाचे वाचन आपल्याकडे प्रामुख्याने शील, शिस्त आणि न्याय या अंगांनी होत आले आहे. प्रस्तुत लेखात ते कापडाच्या अंगाने करून पाहायचे आहे. आणि तसे पाहू लागल्यावर ज्या एका गोष्टीकडे लक्ष जाते, ती विनयापेक्षा आपल्या माजघराविषयी अधिक सांगणारी आहे. तिच्याकडे येण्यापूर्वी ग्रंथ काय सांगतो ते नीट पाहू.

एक खुलासा आरंभीच केलेला बरा. विनयातील प्रत्येक नियम बुद्धाच्या तोंडी घातलेला असला तरी तो ग्रंथ दीर्घकाळ मुखपरंपरेने चालत आला आणि सिंहली परंपरेप्रमाणे इसवी सनपूर्व पहिल्या शतकात लंकेत लिहिला गेला. तेव्हा तेथील प्रसंगांकडे एका माणसाच्या चरित्रातील घटना म्हणून न पाहता एका वाढत्या संस्थेची साठत गेलेली स्मृती म्हणून पाहणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला अधिक सोयीचे. नियम घडण्याची रीत ठरलेली आहे. आधी अडचण येते, मग कोणी तरी कुरकुर करते, गोष्ट बुद्धाच्या कानावर जाते आणि तो परवानगी देतो किंवा बंदी घालतो. त्या परवानगीतून पुढची अडचण निर्माण होते. ही साखळी कधी कधी इतकी लांबते की तिला विनोदाची कळा येते. तो विनोद रचणाऱ्यांना अभिप्रेत होता की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला तरी तो अगदीच नकळत आलेला वाटत नाही.

आरंभी भिक्षू पांसुकूलिक होते. पांसुकूल म्हणजे धुळीच्या ढिगावरचे, टाकून दिलेले कापड. स्मशानातील, उकिरड्यावरील, रस्त्यावर पडलेल्या चिंध्या वेचायच्या, धुवायच्या, जोडायच्या आणि अंगावर घ्यायच्या. या व्यवस्थेत साठवणीचा प्रश्नच नव्हता. साठवण्याजोगे काही नव्हतेच. मग जीवक वैद्याने राजाकडून मिळालेले उंची वस्त्र बुद्धाला अर्पण केले आणि भिक्षूंना गृहस्थांनी दिलेले वस्त्र घेण्याची मुभा असावी असा वर मागितला. ती मुभा मिळाली. राजगृहात ही वार्ता पसरताच एका दिवसात हजारो चीवरे जमा झाली, असे ग्रंथ सांगतो. आकड्याचे सोडून देऊ. झालेला बदल मात्र खरा आहे. कापड न मिळणे ही अडचण संपली आणि कापडाचे काय करायचे ही अडचण सुरू झाली.

ती कोणत्या थराला गेली, याचे एक चित्र याच खंधकात आहे. राजगृहाहून वैशालीकडे जाताना बुद्धाला वाटेत भिक्षू दिसले ते कापडाने लादलेले. डोक्यावर चीवरांचे गाठोडे, खांद्यावर गाठोडे, कमरेला गाठोडे. त्याने त्यांना तेथे काही म्हटले नाही. वैशालीस पोहोचल्यावर माघ-फाल्गुनाच्या सांध्यातील कडाक्याच्या थंडीत गोतमक चैत्यापाशी तो रात्री उघड्यावर एक वस्त्र घेऊन बसला. पहिला प्रहर सरल्यावर थंडी वाजली, दुसरे वस्त्र घेतले. पुढे पुन्हा थंडी वाजली, तिसरे घेतले. पहाटे आणखी एक घेतले आणि रात्र निभली. अंगात दुहेरी संघाटी, एकेरी उत्तरासंग आणि एकेरी अंतरवासक अशी तीन वस्त्रे पुरे, हा नियम त्यातून निघाला. किती कापड हवे याचे मोजमाप कोणत्याही तत्त्वावरून न ठरवता एका थंडीच्या रात्रीवरून ठरवले, हे मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत सुंदर स्थळ वाटते.

संघाटी दुहेरी, ती नव्या कापडाची असेल तेव्हा. कापड जुने, विरलेले असेल तर ती चौपदरी करावी, आणि पांसुकूलाची असेल तर हवी तितकी जाड, असाही तपशील पुढे येतो. जुन्या कापडाचे चार पदर एकावर एक ठेवून टाके घातलेले पांघरूण म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

तीन वस्त्रांचा नियम झाला, तरी संघाकडे येणारे कापड थांबले नाही. ते कोणी घ्यायचे? लोक विहारात कापड घेऊन येत, घेणारा कोणी नसे, परत जात. म्हणून चीवर स्वीकारणारा एक भिक्षू नेमावा. त्याच्या अंगी पाच गुण हवेत: लोभ, द्वेष, मोह आणि भय या चारांमुळे तो वाकडा जाणारा नसावा, आणि काय घेतले व काय घेतले नाही हे त्याला ठाऊक असावे. पाचवा गुण वाचून कोणत्याही कचेरीतला भांडारपाल मान डोलावेल. स्वीकारणाऱ्यांनी कापड घेतले आणि तेथेच टाकून ते निघून गेले, कापड हरवले. म्हणून ते उचलून ठेवणारा दुसरा भिक्षू नेमावा. त्याने ते मांडवात, झाडाखाली, झाडाच्या ढोलीत ठेवले. उंदरांनी आणि वाळवीने खाल्ले. म्हणून भांडागार असावे. भांडागार राखायला कोणी नाही, म्हणून भांडागारिक असावा. त्या भांडागारिकाला छब्बग्गिय भिक्षूंनी (विनयातील यच्चयावत उपद्व्याप या सहा जणांच्या टोळक्याच्या नावावर आहेत) उठवून लावले. म्हणून भांडागारिकाला कोणी उठवू नये. पुढे भांडागारात कापडाचे ढीग साचले, म्हणून ते वाटावे. वाटताना गलका झाला, म्हणून वाटणारा अधिकारी नेमावा. त्याने आधी कापड निवडावे, त्याची किंमत अजमावावी, बरे आणि वाईट मिळून वाटे सारखे करावेत, माणसे मोजावीत, गठ्ठे बांधावेत आणि मग वाटणी करावी. श्रामणेरांना अर्धा वाटा. एवढे करूनही कोणाला पक्षपाताचा संशय येऊ नये, म्हणून कुशाच्या काडीने चिठ्ठी टाकावी.

अपरिग्रहाच्या व्रतातून एक कोठार, तीन-चार अधिकारी आणि एक वाटपपद्धती जन्माला आली. यावर उपरोधाने हसणे सोपे आहे. पण मला त्यात ढोंग दिसत नाही. कापड ही त्या काळी सूत कातण्यापासून विणण्यापर्यंत हाताने घडणारी, श्रमाची वस्तू होती. ते उंदरांना खाऊ देणे हा अपरिग्रह नव्हे, हे संघाला कळले होते. म्हणून साठवणीला बंदी घालण्याऐवजी तिला मुदत घातली. तीन चीवरांखेरीज जास्तीचे कापड दहा दिवसांपर्यंत ठेवता येईल, पुढे नाही. कापड चीवराला पुरेसे नसेल आणि आणखी मिळण्याची आशा असेल तर एक महिना. पुढे कधी तरी उपयोगी पडेल म्हणून तुकडे राखून ठेवणाऱ्या माणसाला इतका समजूतदार कायदा दुसऱ्या कोणी केला असेल असे वाटत नाही. आशेला त्यात जागा आहे, पण तीस दिवसांची.

आता शिवणशाळेकडे वळू. चुल्लवग्गाच्या पाचव्या खंधकात चीवर शिवण्याचा प्रसंग येतो तो शून्यापासून. भिक्षू कापड हाताने फाडीत आणि कोंबड्याच्या पिसाने किंवा बांबूच्या कामटीने शिवीत. चीवर वाकडेतिकडे होई. म्हणून कापायला लहान सुरी आणि शिवायला सुई यांची परवानगी मिळाली. सुया गंजल्या. म्हणून सुया ठेवायला नळी. नळीतही गंजल्या. म्हणून नळीत किण्व भरावे; तरी गंजल्या, म्हणून सातूचे पीठ भरावे; तरी गंजल्या, म्हणून दगडाची भुकटी; ती मेणात मळून घ्यावी; अखेरीस वर कापडाचे वेष्टण. वर्गात हा भाग सांगितला की विद्यार्थी हसतात, आणि हसून झाल्यावर एखादी विद्यार्थिनी तरी घरच्या सुया कशात ठेवतात ते सांगू लागते.

सुईनंतर चौकट. खुंट्या ठोकून त्यांना कापड ताणून शिवले तर कोपरे वाकडे होतात, म्हणून कठिन वापरावे. कठिन म्हणजे कापड ताणून बांधण्याची चौकट; ताठ, न वाकणारी, म्हणून तिला हे नाव. आपला 'कठीण' शब्द तोच. ही चौकट ओबडधोबड जमिनीवर पसरली तर मोडते, म्हणून सपाट जागी पसरावी. जमिनीवर धूळ लागते, म्हणून खाली गवताची चटई घालावी. कडा झिजतात, म्हणून कडेला पट्टी लावावी. टाक्यांमधले अंतर सारखे राहत नाही, म्हणून खुणा कराव्यात. ओळ वाकडी जाते, म्हणून आधी कच्चा दोरा धरावा. न धुतलेल्या पायांनी, ओल्या पायांनी, जोड्यांसकट चौकटीवर चढू नये. बोटाला सुई लागते, म्हणून अंगुस्तान. छब्बग्गियांनी लगेच सोन्याचांदीची अंगुस्ताने आणली. तेव्हा कोणती चालतील याची यादी आली: हाड, हस्तिदंत, शिंग, वेळू, बांबू, लाकूड, लाख, फळाचे कवच, तांबे, शंख. मग सुया, सुऱ्या आणि अंगुस्ताने हरवू लागली, म्हणून ती ठेवायला एक भांडे. भांड्यात सगळे एकमेकांत मिसळून गेले, म्हणून अंगुस्तानाला वेगळी पिशवी. शिवणाच्या डब्याचा इतिहास लिहायला कोणी बसले तर त्याने येथून सुरुवात करावी. सामान हरवते म्हणून एकत्र ठेवावे आणि एकत्र ठेवले की सापडत नाही, हा पेच त्या डब्याच्या जन्मापासूनचा आहे.

उघड्यावर शिवताना ऊन आणि थंडी बाधते, म्हणून कठिनशाळा झाली. तिचे जोते खुजे होते, पाणी शिरले. ते उंच करावे. माती ढासळते, म्हणून विटा, दगड किंवा लाकूड यांनी ते बांधून काढावे. चढताना त्रास होतो, म्हणून पायऱ्या. पडायला होते, म्हणून कठडा. छपरातून काडीकचरा पडतो, म्हणून वरून-खालून लिंपून घ्यावे. पांढरा, काळा आणि गेरूचा रंग द्यावा, वेलीपानांची नक्षी चालेल. आत चीवर टाकायला बांबूची दांडी आणि दोरी बांधावी. काम झाले की भिक्षू चौकट तेथेच टाकून गेले आणि पुन्हा उंदीर व वाळवी आली. म्हणून चौकट गुंडाळून ठेवावी. ती उलगडते, म्हणून दोरीने बांधावी. भिंतीला टेकून ठेवली तर पडते, म्हणून भिंतीतल्या खुंटीला किंवा नागदंताला टांगावी. खुंटी आली आणि प्रकरण पुढच्या विषयाकडे वळले.

या सगळ्यात खोली आखण्याची एक दृष्टी आहे. वस्तू जमिनीवर नको, ओलीत नको, मिसळलेली नको. ती लटकलेली, बांधलेली, नाव लावून कोणाच्या तरी ताब्यात दिलेली असावी. आणि हे सारे अनुभवाने, एकेक वस्तू नासल्यानंतर आलेले शहाणपण आहे. ते अगोदरच ठाऊक असल्याचा आव ग्रंथ कोठेही आणीत नाही.

आता त्या एका गोष्टीकडे. इतके सारे लिहिले का गेले? त्या काळात घराघरांत कोणी ना कोणी सुई चालवीतच असणार, सुया गंजतच असणार आणि वाळवी गृहस्थाच्या कापडाला वर्ज्य करीत नसणार. पण त्या घरांतल्या सुईची नळी कोणत्याही ग्रंथात आली नाही. संघात ती आली, कारण संघात सुई पुरुषांच्या हातात होती. गृहत्याग करून आलेल्या माणसाबरोबर शिवणारी आई नव्हती, बायको नव्हती, शिंप्याला द्यायला पैसा नव्हता. जे काम आजवर दुसऱ्या कोणाच्या तरी हातून न दिसता होत होते ते एकदम त्याच्या पुढ्यात आले आणि त्यातली प्रत्येक अडचण त्याला नवी वाटली. कोंबड्याच्या पिसाने शिवू पाहणारा तो भिक्षू मला या दृष्टीने फार बोलका वाटतो.

शिवाय हे काम पुन्हा बायकांकडे ढकलण्याची वाटही विनयाने बरीचशी बंद केली. नात्यात नसलेल्या भिक्षुणीकडून जुने चीवर धुऊन, रंगवून घेणे हा भिक्षूला दोष. उलट बाजूने, नात्यात नसलेल्या भिक्षुणीचे चीवर भिक्षूने शिवून देणे हाही दोष. या दुसऱ्या नियमामागची कथा उदायी नावाच्या भिक्षूची आहे. तो शिवणात वाकबगार होता. एका भिक्षुणीने त्याला चीवर शिवून मागितले, तेव्हा त्याने मधोमध एक अश्लील चित्र उठवले, चीवर घडी करून तिच्या हाती दिले, आणि सगळ्या भिक्षुणी उपदेशाला निघतील तेव्हा त्यांच्या मागून हे पांघरून ये, असे सांगितले. लोकांनी पाहिले आणि ते हसले. शिवणकलेच्या इतिहासात कापडावरच्या चित्राचा एवढा जुना उल्लेख यावा आणि तो असा यावा, याची खंत वाटते. पण उल्लेख आहे तो असा आहे.

भिक्षुणींचे शिवण ग्रंथात अगदीच नाही असेही नाही. दुसरीचे चीवर उसवून ठेवायचे आणि चार-पाच दिवसांत ते शिवायचे नाही, शिववूनही घ्यायचे नाही, याबद्दल भिक्षुणींना स्वतंत्र नियम आहे. थुल्लनंदा नावाची भिक्षुणी त्याला कारण झाली. मात्र कठिनशाळेचा तो लांबलचक प्रपंच भिक्षूंच्या अडचणींतून उभा राहिला आहे.

कापडाची शेवटची वाट कोणती, हेही विनयाला सांगता येते. चुल्लवग्गाच्या अकराव्या खंधकात कोसंबीच्या उदेन राजाची कथा आहे. त्याच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. राजाला राग आला; हा भिक्षू इतके कापड घेऊन दुकान मांडणार आहे काय, असे त्याला वाटले. त्याने आनंदाला विचारले, आणि मग प्रश्नामागून प्रश्न आला. नवी वस्त्रे ज्यांची फाटली आहेत त्यांना वाटू. त्यांच्या जुन्यांचे काय? त्यांची पलंगपोसे करू. जुन्या पलंगपोसांचे? गाद्यांचे अभ्रे. जुन्या अभ्र्यांचे? जमिनीवरची बसकरे. त्यांचे? पायपुसणी. त्यांचे? धूळ झटकायची फडकी. आणि ती फडकी झिजली की? ती कुटून, चिखलात कालवून, त्याने जमीन लिंपू. राजा इतका प्रसन्न झाला की त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. (आनंदाच्या भांडागारिकाला काय वाटले ते ग्रंथ सांगत नाही.)

याच आनंदाने चीवराचा नकाशा आखला, अशी आख्यायिका चीवरखंधकात आहे. दक्षिणगिरीच्या वाटेवर मगधाची भातखाचरे दिसली, पट्ट्यापट्ट्यांची, बांधांनी अलग केलेली, चौकाचौकांत मिळणारी. असे चीवर करता येईल काय, असे बुद्धाने त्याला विचारले आणि आनंदाने ते करून दाखवले. कापड मुद्दाम कापून जोडायचे, यामागे सौंदर्याइतकाच व्यवहार होता. तुकड्यांच्या वस्त्रावर चोराची नजर जात नाही.

हा सगळा मगध-कोसलातला इतिहास महाराष्ट्राच्या दगडात येऊन पोहोचतो. भांडागार म्हणून चालतील अशा पाच प्रकारच्या वास्तू महावग्गात सांगितल्या आहेत आणि त्यांत गुहा एक आहे. सह्याद्रीतील लेण्यांत लाकडी खुंटी, दांडी, दोरी टिकण्याचा प्रश्नच नव्हता. पण कापडाची सोय कशी होत होती याचा लेखी पुरावा तेथे आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याचा प्राकृत शिलालेख आहे. त्याने जवळच्या गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, शेकडा एक दराने. एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण दराने. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, व्याज तेवढे वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण 'चीवरिक', म्हणजे चीवराचा खर्च. दर महिन्याचा धरला तर वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते, आणि वीस गुणिले बारा दोनशे चाळीसच. हिशेब एका कवडीने चुकत नाही. कान्हेरीच्या शिलालेखांतही चीवरिकाची दाने आहेत.

दा. ध. कोसंबी यांनी लेण्यांकडे व्यापारी मार्गांवरील आर्थिक संस्था म्हणून पाहायला आपल्याला शिकवले, त्याचे हे ठळक उदाहरण. पण साठवणीच्या दृष्टीने त्यात आणखी एक गंमत आहे. उषवदाताने कापड दिले नाही, कापडाचे व्याज दिले. साठा विहारात नाही, विणकराच्या मागावर आणि श्रेणीच्या वहीत आहे. भिक्षूला पैसा हाताळायचा नाही, तो श्रेणीकडे. उंदराला खायला काही उरले नाही.

येथून मराठी घराकडे येताना मधले पुरावे विरळ होतात. गोधडी, वाकळ, लेपडे, दुपटे हे शब्द आहेत. संस्कृत-पालीतली कंथाही मराठीत टिकली. पद्धत सर्वांना माहीत आहे. लुगडे मधोमध विरले की ते फाडून, विरलेला भाग काढून, दंड घालून पुन्हा नेसायचे. त्यालाही कंटाळले की त्याचा मऊ भाग बाळाच्या दुपट्याला, उरलेला गोधडीच्या वरच्या पदराला, धोतर अस्तराला, आणि ज्याला कोणतेच रूप उरले नाही ते सारे आत. धावदोऱ्याने कडेपासून आत टाके घालीत जायचे. गोधडी विरली की तिच्यावर नवे पदर चढवून दुसरी गोधडी. सर्वांत शेवटी फडके, आणि फडक्याचे पोतेरे, शेणात बुडवून जमीन सारवायला. आनंदाने उदेनाला सांगितलेली पायऱ्यांची उतरंड आपल्या स्वयंपाकघरात अगदी शेवटच्या पायरीपर्यंत तशीच होती. चिंधी शेवटी जमिनीच्या लेपाशीच पोहोचते.

साठवणही तशीच. कोनाड्यातले, माळ्यावरचे, खुंटीला अडकवलेले बोचके. पुढे पत्र्याची ट्रंक. कडुनिंबाचा पाला, वेखंड, नंतर डांबरगोळ्या. उन्हाळ्यात शेतीची कामे सरली की बोचके सोडायचे, तुकडे निवडायचे, ऊन द्यायचे आणि दुपारी अंगणात गोधडी मांडायची. पावसाळ्यापूर्वी ती पुरी व्हायला हवी. येथेही मुदत होती, फक्त ती कोणी नियमात लिहिली नाही. बोचक्याला वाटेकरीही होते. जुन्यावर भांडी देणारी बोहारीण दारात आली की कोणते लुगडे पातेल्यासाठी द्यायचे आणि कोणते गोधडीसाठी राखायचे, याचा निवाडा क्षणात करावा लागे. कापडाची किंमत अजमावणे, बरेवाईट निवडणे, वाटे करणे, हे चीवरभाजकाचे सारे गुण तिथे लागत.

त्या निवाड्याची नोंद मात्र नाही. आपल्याकडे जे कापड जपले गेले ते कोणते, हे पाहिले की कारण कळते. दासोपंतांची पासोडी अंबाजोगाईत चार शतके टिकली, कारण तिच्यावर पंचीकरण लिहिलेले आहे. कापड म्हणून ती कोणी जपली नसती. ग्रंथ म्हणून जपली. आणि चिंधीने मराठी मनात कायमची जागा मिळवली ती कृष्णाचे बोट कापले त्या कथेत. सुभद्रेच्या घरी शालू होते, पैठण्या होत्या, पण बोटाला बांधायला चिंधी सापडेना. द्रौपदीने अंगावरचे भरजरी वस्त्र फाडून दिले. शतकानुशतके आपण ही कथा द्रौपदीच्या बाजूने सांगत आलो, आणि ते योग्यच आहे. परंतु गोधडी शिवणाऱ्या बाईला ती ऐकताना आणखी एक गोष्ट खटकत असली पाहिजे. ज्या घरात चिंध्यांचे बोचके नाही ते घर कसले?

विनयकारांना जे सहज जमले ते मराठी गद्याला फार उशिरा जमले, आणि जमले तेव्हाही गोधडी त्यात आली ती मायेचे प्रतीक म्हणून. आजीची ऊब, आईचे लुगडे, बहिणीची साडी. हे खोटे नाही. पण प्रतीकाला गंज लागत नाही, प्रतीकाला वाळवी लागत नाही, आणि प्रतीक उन्हात घालायला कोणाची कंबर दुखत नाही. ऊब सांगताना काम गळून गेले. अंगुस्तान कशाचे होते, तुकडे रंगावरून वेगळे ठेवीत की कापडाच्या पोतावरून, बोचके उघडण्याचा हक्क सासूचा की सुनेचा, अर्धी शिवलेली गोधडी कोठे टांगीत, यांपैकी एकही प्रश्न विनयाने सोडला नसता.

या प्रश्नांसाठी जावे लागेल ते छापील ललितगद्यापेक्षा जात्यावरच्या ओव्यांकडे. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यांतून जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखावर आहे, आणि त्यांचा बराच भाग आता कोणालाही वाचायला, ऐकायला उपलब्ध आहे. त्यांत भावाने घेतलेले लुगडे आहे, चोळी आहे, खण आहे, शिंप्याचे दुकान आहे. एम. ए.च्या एखाद्या विद्यार्थिनीने त्या लुगड्याचा माग नव्या घडीपासून दंडापर्यंत आणि दंडापासून बोचक्यापर्यंत काढायला घ्यावा. सोबत चुल्लवग्गाचा पाचवा खंधक ठेवावा. कोणते प्रश्न विचारायचे ते त्यात क्रमाने दिलेले आहेत.